तिसरं वर्ष: अमेरिकेत शिकवायला गेलेल्या बाईंची करमाफी कशी गेली

मार्च २०२४ मधला एक रविवार. इथं रात्रीचे साडेनऊ वाजले होते, टेक्सासात सकाळचे दहा. व्हिडिओ कॉलवर समोर होत्या त्या सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेच्या गणिताच्या शिक्षिका. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणतात, म्हणून या टिपणातही त्या बाईच. बिनपगारी रजा घेऊन त्या जे-१ व्हिसावर (शिक्षक-विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठी मिळणारा तात्पुरता व्हिसा) अमेरिकेतल्या एका सरकारी शाळेत शिकवायला गेल्या होत्या आणि तिथलं त्यांचं तिसरं वर्ष चालू होतं. २०२३ चं अमेरिकेचं रिटर्न भरायचं होतं आणि ते काम करसल्लागार म्हणून माझ्याकडे आलं होतं. त्यांनी आकडेमोड स्वतःच करून ठेवली होती, तीही वहीत, उभ्या रेघा मारून.

"मॅडम, मला एक हजार डॉलर परत मिळतात. एकदा बघून घ्या, म्हणजे भरून टाकू."

आकडेमोड बिनचूक होती. पण तिच्या बुडाशी जे गृहीत धरलं होतं, ते आठ महिन्यांपूर्वीच कोसळलं होतं. एक हजार डॉलर मिळायच्या ऐवजी बाईंना १०,६४१ डॉलर द्यायचे होते. तेव्हाच्या साधारण ८३ रुपयांच्या दरानं पावणेनऊ लाखांच्या वर, आणि व्याज त्याहून वेगळं. हे मला त्याच कॉलवर सांगावं लागलं. ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग वहीचं पान उलटून म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा."

पहिल्यापासून म्हणजे भारत आणि अमेरिका यांच्यातल्या करारापासून. दोन्ही देशांत एकाच उत्पन्नावर दुहेरी कर बसू नये म्हणून १९८९ मध्ये हा करार झाला आणि डिसेंबर १९९० पासून तो लागू आहे. त्याचं २२ वं कलम प्राध्यापक, शिक्षक आणि संशोधकांसाठी आहे. एका देशाचा रहिवासी दुसऱ्या देशात विद्यापीठ, महाविद्यालय किंवा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेत शिकवायला गेला आणि ही भेट दोन वर्षांपेक्षा जास्त नसेल, तर शिकवण्याच्या मोबदल्यावर त्या दुसऱ्या देशानं कर लावायचा नाही. माफीची मुदतही पहिल्यांदा पोचल्याच्या तारखेपासून जास्तीत जास्त दोन वर्षं.

दोन वर्षांचा उल्लेख इथं दोनदा येतो, आणि घोळ तिथंच होतो. एक उल्लेख माफी किती काळ मिळेल याचा. दुसरा, आणि खरा धोक्याचा, भेट केवढी असावी याचा. बहुतेक जण पहिलाच वाचतात. त्यांना वाटतं की दोन वर्षं करमाफी, तिसऱ्या वर्षापासून कर सुरू. बाईंनाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात भेट दोन वर्षांपलीकडे गेली की माफीची मूळ अटच मोडते आणि आधीच्या दोन वर्षांची माफीही मागे फिरते. अमेरिकेच्या आयकर खात्याच्या कर-करारांवरच्या पुस्तिकेत भारताबद्दल हे स्पष्ट लिहिलेलं आहे: भेट दोन वर्षांपेक्षा जास्त झाली, तर माफी संपूर्ण भेटीसाठी जाते.

बाई २८ जुलै २०२१ ला अमेरिकेत पोचल्या. आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर, हीच तारीख आहे. म्हणजे मुदत संपली २७ जुलै २०२३ ला.

शिक्षकांच्या खोलीतला सल्ला

बाईंनी चौकशी केली नव्हती असं नाही. शाळेत त्यांच्यासारखेच परदेशातून आलेले आणखी दोघं होते, एक फिलिपिन्सचे आणि एक चीनच्या, मँडरिन शिकवणाऱ्या. दोघांनीही सांगितलं की तिसरं वर्ष घेतल्यानं काही होत नाही. दोघं आपापल्या परीनं खरं बोलत होते आणि बाईंच्या कामाचं त्यातलं काहीच नव्हतं.

चीनच्या करारात शिक्षकांना एकूण तीन वर्षांची माफी आहे, त्यामुळे त्या मँडरिनच्या शिक्षिकेला तिसरं वर्ष सरळ माफच होतं. फिलिपिन्सच्या करारातली भाषा वेगळी आहे. तिथं भेट दोन वर्षांपेक्षा जास्त होण्याची 'अपेक्षा नसावी' असं म्हटलंय. म्हणजे येताना काय ठरलं होतं ते बघायचं; खरंच दोन वर्षांसाठी आलात आणि नंतर मुक्काम लांबला, तर पहिली दोन वर्षं वाचू शकतात. (तिथंही नुसतं "माझा विचार दोनच वर्षांचा होता" म्हणून भागत नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या कर न्यायालयानं एका फिलिपिनो शिक्षकाच्या प्रकरणात मनातला हेतू बाजूला ठेवून बाहेरून दिसणाऱ्या परिस्थितीवरून अपेक्षा ठरवली आणि निकाल शिक्षकाच्या विरोधात गेला.) भारताच्या करारात 'अपेक्षा' हा शब्दच नाही. भेट प्रत्यक्षात किती लांबली एवढाच प्रश्न. तुम्ही येताना काय ठरवलं होतं, हे तिथं कोणी विचारत नाही.

एकाच शाळेत, एकाच व्हिसावर, शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या तिघांना तीन वेगळे नियम. शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिघांच्या पगारपत्रकावर दिसतं ते एकच: केंद्रीय आयकर, शून्य.

बाईंची सही

करमाफी आपोआप लागत नाही. त्यासाठी शिक्षकाला फॉर्म ८२३३ भरून द्यावा लागतो, दर कॅलेंडर वर्षाला नव्यानं, आणि सोबत कराराच्या अटी आपण पूर्ण करतो असं सहीनिशी निवेदन. नोकरी देणारी संस्था तो तपासून पाच दिवसांत आयकर खात्याकडे पाठवते आणि दहा दिवसांत हरकत आली नाही, तर पगारातून कर कापणं थांबवते.

बाईंनी मला त्या निवेदनाचा स्कॅन पाठवला. एक पान, पगारखात्यानं दिलेला मजकूर, खाली बाईंची मराठी वळणाची सही आणि ऑगस्ट २०२१ ची तारीख. त्यातल्या एका ओळीत भेट दोन वर्षांपेक्षा जास्त असणार नाही असं होतं. "ही ओळ मी वाचली होती," बाई म्हणाल्या, "पण तेव्हा डीएस-२०१९ दोनच वर्षांचा होता. मी खोटं लिहिलं नव्हतं."

खरंच लिहिलं नव्हतं. (डीएस-२०१९ म्हणजे जे-१ कार्यक्रमाची मुदत नोंदवणारा, प्रायोजक संस्थेनं दिलेला कागद.) २०२१ मध्ये ती सही खरी होती, २०२२ च्या फॉर्मवरचीही. एप्रिल २०२३ मध्ये शाळेनं तिसऱ्या वर्षाचा करार पुढे केला, मे महिन्यात प्रायोजक संस्थेनं डीएस-२०१९ वाढवून दिला. बाईंनी दोन्हीवर सह्या केल्या, आणि त्या क्षणी आधीच्या सह्यांखालची जमीन सरकली. कोणीही त्यांना तसं सांगितलं नाही. पगारखात्यानं आपलं काम नियमानं केलं: ऑगस्ट २०२३ पासून माफी बंद करून महिन्याला साधारण ३२३ डॉलर कापायला सुरुवात केली. प्रायोजक संस्थेनं व्हिसाचं काम केलं. कराची मागची बाजू बघणं हे दोघांपैकी कोणाच्याच कामात नव्हतं. मला याचा राग येतो, तो कोणा एकावर नाही. मुदतवाढीच्या पत्रात 'आपल्या कर-करारावर होणारा परिणाम तपासा' एवढी एक ओळ घालायला काही लागत नाही.

"त्या दिवशी मी घरी होते"

बाईंचा पुढचा मुद्दा ऐकून मी खरंच थांबले. १० जून २०२३ ला त्या सुट्टीत साताऱ्याला आल्या होत्या आणि ३१ जुलैला परत पोचल्या. "दोन वर्षं पूर्ण झाली त्या २७ जुलैला मी माझ्या स्वयंपाकघरात होते, मॅडम. मग माझी भेट दोन वर्षांच्या आतच संपली की! नंतरची ती दुसरी भेट."

गणिताच्या शिक्षिकेला शोभेल असा युक्तिवाद. त्याला न्याय द्यायचा म्हणून मी आठवडाभर कागद मागवत राहिले. मुलाच्या शाळेसाठी नवरा इथंच राहिला होता, घर इथं होतं, हे सगळं बाईंच्या बाजूचं. पण भेट संपली होती का, याचं उत्तर त्यांच्याच कागदांत होतं. निघण्याआधीच तिसऱ्या वर्षाचा करार सही झालेला. डीएस-२०१९ मध्ये खंड नाही, आधीच्या मुदतीला जोडूनच पुढची. जाता-येताचं तिकीट एकत्र काढलेलं. टेक्सासातल्या खोलीचं भाडं जून-जुलैचंही भरलेलं, आणि पगार बारा हप्त्यांत असल्यामुळे त्या दोन महिन्यांचा पगारही तिथल्या खात्यात जमा झालेला. सुट्टीवर गेलेलं माणूस असंच दिसतं. काम संपवून परतलेलं माणूस असं दिसत नाही. हा युक्तिवाद रिटर्नमध्ये घ्यायचा नाही असं मी ठरवलं, आणि आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो.

उलट बाजूनं हेही सांगायला हवं की बाईंची मूळ पात्रता भक्कम होती. २७ जुलै २०२१ ला देश सोडल्यामुळे २०२१-२२ या आर्थिक वर्षात त्या भारतात ११८ दिवस होत्या. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला १८२ दिवसांची मर्यादा असते, म्हणून त्या वर्षी त्या भारताच्या अनिवासी ठरल्या. मग 'भारताचा रहिवासी' ही अट कशी पूर्ण झाली? त्यासाठी २२ व्या कलमातच सोय आहे: जाण्याच्या वर्षी किंवा त्याच्या लगतच्या आधीच्या वर्षी रहिवासी असलात तरी चालतं. २०२०-२१ मध्ये त्या पूर्ण वर्ष इथंच होत्या. म्हणजे दोन वर्षांत परतल्या असत्या, तर माफीला कोणी बोट लावू शकलं नसतं.

आकडे

पगार वर्षाला ४८,००० डॉलर, महिन्याला ४,०००, पहिला ऑगस्ट २०२१ चा. टेक्सासात राज्याचा आयकर नाही, त्यामुळे एक कटकट कमी. (कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया ही राज्यं केंद्राचे कर-करार मानत नाहीत. तिथल्या शिक्षकाला करार लागू असतानाही राज्याचा कर भरावा लागतो.)

२०२१ मध्ये पगार मिळाला २०,००० डॉलर. त्या वर्षी बाई करापुरत्या अमेरिकेच्या अनिवासी, आणि अनिवासी शिक्षकाला प्रमाणित वजावट (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम) मिळत नाही. भारताच्या करारात ती सवलत विद्यार्थ्यांना आहे, शिक्षकांना नाही. त्यामुळे पहिल्या डॉलरपासून कर: २,२०१. २०२२ मध्ये पूर्ण ४८,०००, पुन्हा अनिवासी, कर ६,१७७. शेवटचे सहा हजारांवर डॉलर तर २२ टक्क्यांच्या टप्प्यात गेले.

२०२३ चं गणित वेगळं. करापुरतं रहिवासी कोण हे ठरवताना जे-१ वरच्या शिक्षकाचे अमेरिकेतले दिवस साधारण दोन कॅलेंडर वर्षं मोजले जात नाहीत. २०२१ मधल्या पाच महिन्यांनी एक अख्खं वर्ष खाल्लं, २०२२ नं दुसरं. १ जानेवारी २०२३ पासून दिवस मोजले जाऊ लागले आणि त्या वर्षी बाई करापुरत्या अमेरिकेच्या रहिवासी झाल्या. त्याचा फायदा म्हणजे १३,८५० डॉलरची प्रमाणित वजावट. बाईंच्या वहीत जानेवारी ते जुलैचे २८,००० माफ धरून उरलेल्या २०,००० वर ६१५ डॉलर कर होता. कापले गेले होते १,६१५. म्हणून हजार परत. माफी गेल्यावर पूर्ण ४८,००० वर कर झाला ३,८७८.

तीन वर्षांचा मिळून कर १२,२५६. त्यातून कापलेले १,६१५ वजा जाता १०,६४१.

रहिवासी झाल्याची दुसरी बाजूही होती. त्या वर्षापासून जगभरचं उत्पन्न अमेरिकेत दाखवायचं, आणि भारतातल्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर त्या खात्यांचा अहवाल वेगळा द्यायचा. नवऱ्याबरोबरच्या जोडखात्यातली मुदत ठेव फेब्रुवारी २०२३ मध्येच घरकर्जात भरून टाकली होती, पण जानेवारीत ती खात्यावर होतीच. एका महिन्यासाठी का होईना, अहवाल द्यावा लागला. ठेवीवरचं थोडं व्याज दाखवलं. ते वरच्या आकड्यांत धरलेलं नाही.

दुसऱ्या कॉलला बाईंचे यजमान शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "हा पगार भारतात दाखवून इथं कर भरला तर? म्हणजे तिकडचा सुटेल." तसा पर्याय नव्हता. बाई तिन्ही वर्षं भारताच्या अनिवासी होत्या, पगार भारताबाहेर केलेल्या कामाचा आणि तिथल्याच बँकेत मिळालेला, त्यावर भारताचा कर लागतच नव्हता. कर कोणाला द्यायचा हे आपण निवडू शकत नाही. मग त्यांनी हळू आवाजात दुसरा प्रश्न विचारला, जो प्रत्येक घरात विचारला जातोच: "आणि काहीच केलं नाही तर? कोण बघतंय?"

बघणारे कागद खात्याकडेच होते. २०२१ आणि २०२२ च्या माफ पगाराची नोंद असलेले १०४२-एस फॉर्म आयकर खात्यात पोचलेले, २०२३ चा डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) त्याच शाळेचा, त्याच नावाचा. तिसऱ्या वर्षीचा पगार दिसला की मुक्काम लांबला हे उघड. खात्यानं विचारण्याआधी स्वतःहून दुरुस्त रिटर्न दिलं, तर चुकीच्या रिटर्नवरचा २० टक्के दंड सहसा टळतो, फक्त व्याज राहतं. ते व्याजही हलकं नव्हतं. ऑक्टोबर २०२३ पासून दर ८ टक्के, रोजच्या रोज चक्रवाढ. मी यजमानांना एवढंच म्हटलं की बाईंना पुन्हा कधी त्या देशात जायचं असेल, तर हा कागद स्वच्छ असलेला बरा. बाईंनी त्यांच्याकडे न बघताच सांगितलं, "भरायचंय. पुढचं बोला."

काय करता आलं असतं

हे मी बाईंना त्याच दिवशी सांगितलं नाही, पंधरा दिवसांनी सांगितलं. तिसरं वर्ष घेणं ही चूक नव्हती. वर्षभराच्या ४८,००० डॉलरच्या पगारापुढे मागचा कर भरूनही हातात बरंच उरतं. चुकलं ते हे की माफीचे पैसे आपले झाले असं धरून ते घरकर्जात गेले.

फॉर्म ८२३३ भरणं सक्तीचं नाही. हे फार थोड्यांना माहीत असतं. मुक्काम लांबण्याची थोडीही शक्यता असेल, तर तो भरायचाच नाही आणि इतरांसारखा पगारातून कर कापू द्यायचा. दोन वर्षांच्या आत परतलात, तर दुरुस्त रिटर्न भरून करारानुसार सगळा कर परत मागायचा. रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. बाई २०२३ च्या जुलैत परतल्या असत्या, तर २०२१ च्या करासाठी एप्रिल २०२५ पर्यंत वेळ होता. आणि राहिलात, तर काहीच करायचं नाही; कर आधीच भरलेला असतो. परतावा यायचा म्हणून तिथलं बँक खातं मात्र लगेच बंद करू नये.

याची किंमत म्हणजे दोन वर्षं महिन्याचा पगार कमी हातात येतो. घर सोडून, मुलाला सोडून गेलेल्या माणसाला ते जड जातं, मला कळतं. ज्याचा डीएस-२०१९ पहिल्या दिवसापासूनच तीन वर्षांचा आहे, त्यानं मात्र माफीच्या मागे लागूच नये असं माझं मत आहे. 'भेट दोन वर्षांपेक्षा जास्त नाही' या ओळीखाली सही करताना त्याच्याच हातात उलटं सांगणारा कागद असतो.

शेवटची कागदपत्रं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीन पाकिटं तयार झाली. २०२१ आणि २०२२ साठी १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्नचा फॉर्म), प्रत्येकासोबत दुरुस्त केलेला १०४०-एनआर (अनिवासींचं रिटर्न) आणि माफी का मागे घेतली याचं अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण. ते बाईंनी स्वतः लिहिलं, मी फक्त एक तारीख दुरुस्त केली. २०२३ चं रिटर्न साधं १०४०, म्हणजे रहिवाशांचं. त्याचे २,२६३ डॉलर १५ एप्रिलच्या आत भरले. उरलेल्या ८,३७८ आणि व्याजासाठी त्यांनी हप्त्यांची सोय मागितली. जुलै २०२४ मध्ये परत येईपर्यंत जेवढं फेडता येईल तेवढं तिथल्या पगारातून फेडायचं, असा हिशोब वहीत मांडला होता, पुन्हा उभ्या रेघा मारून.

मे महिन्यात त्यांचा फोन आला, तो त्यांच्या कामाचा नव्हता. त्याच शहरातल्या दुसऱ्या शाळेत पुण्याचे एक विज्ञानशिक्षक होते, ऑगस्ट २०२२ मध्ये आलेले. त्यांच्यापुढेही तिसऱ्या वर्षाचा करार सहीसाठी आला होता. "सर, आय-९४ काढा आधी," बाई त्यांना कॉलवर घेऊन सांगत होत्या, "आणि पोचल्याची तारीख मॅडमना वाचून दाखवा."